थैलीवरचं नाव आणि आतलं बी

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते कोशाच्या कापडासाठी. गावाभोवतीच्या बांध्या मात्र धानाच्या, आणि मृग लागायच्या आधी घरोघरी निघणारा विषय बियाण्याचा. यंदा काय टाकायचं? हलकं की भारी, बारीक की ठोकळ, घरचं की थैलीतलं? हे प्रश्न जुनेच आहेत. त्यांची उत्तरं आता थैलीवर छापून येतात, आणि ती वाचणं सोपं राहिलेलं नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही कृषी केंद्राची फळी पाहा. एमटीयू 1010, पीकेव्ही एचएमटी, साकोली 6, बीपीटी 5204, सह्याद्री 4, अराइज 6444 गोल्ड. एका नावात गाव आहे, दुसऱ्यात विद्यापीठ आणि घड्याळ, तिसऱ्यात डोंगररांग, चौथ्यात नुसता आकडा. त्यातच थैल्यांवर तीन शब्द दिसतात: सुधारित, संकरित, संशोधित. तिन्हींची सुरुवात ‘स’नं होते, तिन्ही कानाला प्रगतीचे वाटतात आणि घाईत एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. पण या तीन शब्दांनी दिलेली वचनं अगदी वेगवेगळी आहेत. शेतकऱ्याचं पुढच्या वर्षीचं बी घरातून येणार की दुकानातून, हे त्यांतल्या एका शब्दावर ठरतं.

आधी आकडे आणि अक्षरं बघू, कारण माणूस बिचकतो तो तिथेच. धानाच्या वाणांच्या नावांतली इंग्रजी अक्षरं बहुतेक वेळा गावांची असतात. एमटीयू म्हणजे आंध्र प्रदेशातलं मारुतेरू, बीपीटी म्हणजे तिथलंच बापटला. केजेटी म्हणजे रायगड जिल्ह्यातलं कर्जत, आरटीएन म्हणजे रत्नागिरी. एसवायई म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं सिंदेवाही आणि एसकेएल म्हणजे भंडारा जिल्ह्यातलंच साकोली. या दोन्ही ठिकाणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रं आहेत. आयआर ही अक्षरं दिसली तर वाणाचा जन्म फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत झाला असं समजावं. पुढचा आकडा हा त्या केंद्राच्या वहीतला त्या ओळीचा क्रमांक. मोठा आकडा म्हणजे चांगलं किंवा नवं बी, असा त्याचा अर्थ नसतो. एमटीयू 7029 हे 1982 सालचं आहे आणि एमटीयू 1010 त्यानंतर आलं.

केंद्राच्या वहीतला क्रमांक शेतकऱ्याच्या तोंडी बसत नाही, म्हणून बहुतेक वाणांना दुसरं, बोलायचं नाव मिळतं. एमटीयू 7029 म्हणजेच स्वर्णा. बीपीटी 5204 म्हणजेच सांबा मसुरी, 1986 सालचं. एमटीयू 1010 ला आंध्रात कोट्टोंडोरा सन्नालू म्हणतात, पण विदर्भात ते नाव रुळलं नाही. इथे आकडाच नाव झाला. त्यामुळे एका दुकानात स्वर्णा आणि दुसऱ्या दुकानात 7029 मागणारा माणूस एकच बी मागत असतो, आणि दोन्हींची तुलना करत बसलेला शेतकरी आपला वेळ वाया घालवत असतो.

बोलायच्या नावात कधी कुळ दिसतं, कधी लपतं. ‘मसुरी’ हे वाण मुळात मलेशियातलं. तैवानमधल्या ताइचुंग 65 आणि मलायातल्या मायांग एबोस यांच्या संकरातून ते निघालं. सांबा मसुरीच्या पूर्वजांत मसुरी आहे आणि नावातही ती आहे. स्वर्णाचे जनक वशिष्ठ आणि मसुरी, पण स्वर्णा या शब्दात त्यातलं काहीच उरलेलं नाही. दोन्ही वाणं मसुरीच्या कुळातली, हे थैली कधी सांगत नाही.

नावाला लागलेलं शेपूट मात्र लक्षपूर्वक वाचावं. ‘स्वर्णा-सब1’मधलं सब1 म्हणजे ओडिशातल्या एफआर13ए या जुन्या वाणातून स्वर्णात आणलेला जनुक. त्याच्यामुळे कोवळं धान पुराच्या पाण्याखाली दोनेक आठवडे तग धरतं. भारतात हे वाण 2009 मध्ये आलं. ऑगस्ट 2020 मध्ये वैनगंगेच्या पुरानं भंडारा जिल्ह्यातल्या बांध्या बुडाल्या, तेव्हा ज्याच्या शेतात नुसतं स्वर्णा होतं आणि ज्याच्या शेतात सब1 असतं, त्या दोघांच्या नशिबात याच शेपटाचं अंतर असतं. अराइज 6444 च्या पुढचं ‘गोल्ड’ही असंच कामाचं आहे, कडा करप्याला प्रतिकार करणारं रूप वेगळं ओळखू यावं म्हणून ते लावलं आहे. पण बाजारातलं प्रत्येक ‘सुपर’, ‘प्लस’ आणि ‘डिलक्स’ असं काही सांगत असेलच असं नाही. शेपटामागे कोणता गुण आहे हे दुकानदाराला विचारावं. त्याला सांगता आलं नाही, तर ते शेपूट छपाईच्या शाईपलीकडे फारसं काही नाही असं मी धरतो.

आता तीन शब्दांतला पहिला: सुधारित. वर आलेली एमटीयू, बीपीटी, साकोली ही सगळी सुधारित वाणं. धानाचं फूल जवळजवळ नेहमी स्वतःच्याच परागावर फळतं. शेजारच्या झाडाचा पराग लागण्याचं प्रमाण सहसा एक टक्क्याच्या आत असतं. त्यामुळे पैदासकारानं आठ-दहा पिढ्या निवडून ओळ स्थिर केली, की त्या ओळीचं बी पुढच्या वर्षी आईसारखंच झाड देतं. नाव आणि बी एकमेकांना सोडत नाहीत. आंधळगावच्या शेतकऱ्यानं साकोली 6 ची थैली एकदा आणली, मळणीत भेसळ होऊ दिली नाही आणि वेगळ्या लोंब्या उपटून टाकल्या, तर तिसऱ्या वर्षीही त्याच्या कणगीतलं बी साकोली 6 च असतं. तिथे नाव म्हणजे वारसा.

अशा वारशाची सगळ्यात मोठी गोष्ट याच भागात घडली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी रामाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला 1983 मध्ये आपल्या ‘पटेल 3’ वाणाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या सापडल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखल्या, पुढल्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवडत नेल्या. दाणा बारीक, भात चवीला चांगला, उतारा भरपूर. शेजाऱ्यांनी बी मागून नेलं. मग हे धान बाजारात आलं आणि व्यापाऱ्यांना त्याला काहीतरी म्हणणं भाग पडलं. साल 1990. मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं तेव्हा मानाचं होतं. तेच नाव धानाला चिकटलं.

1994 मध्ये अकोल्याच्या त्याच कृषी विद्यापीठाच्या केंद्रानं खोब्रागड्यांकडून पाच किलो बी नेलं आणि 1998 मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावानं वाण प्रसारित झालं. आम्ही मिश्र बियाण्यातून ओळ शुद्ध केली, अशी विद्यापीठाची बाजू. शुद्धीकरण हे खरं आणि कष्टाचं काम आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण थैलीवर पहिली तीन अक्षरं शुद्ध करणाऱ्याची आली आणि शोधणाऱ्याचं एकही अक्षर आलं नाही, हे मला पटत नाही. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानं खोब्रागड्यांना राष्ट्रीय पुरस्कार दिला. 3 जून 2018 रोजी ते गेले. त्यांनी निवडलेल्या इतर वाणांच्या नावांत मात्र त्यांची खूण आहे. डीआरके ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. नांदेड 92, नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा यांतलं नांदेड म्हणजे त्यांचं गाव. मराठवाड्यातला वाचक ही थैली बघून आपल्या जिल्ह्याचं बी समजेल, आणि यात त्याची चूक काही नाही.

एचएमटी या नावाचं पुढे जे झालं तेही समजून घेण्यासारखं आहे. नागपूरच्या किराणा दुकानात ‘एचएमटी तांदूळ’ मागितला, तर हातात पडतो तो आखूड, बारीक, पांढरा तांदूळ. तो पीकेव्ही एचएमटीचाच असेल याची खात्री कोणी देत नाही. ‘काटे एचएमटी’, ‘श्री एचएमटी’ असे फाटे बाजारात आधीच निघाले आहेत. बियाण्याच्या थैलीवरचं एचएमटी हे वाणाचं नाव आहे. तांदळाच्या पोत्यावरचं एचएमटी हे दाण्याच्या जातकुळीचं वर्णन झालं आहे. पोत्यातल्या धानाचं बी करायला निघालेल्या माणसानं हा फरक आधी लक्षात घ्यावा. आधारभूत खरेदी केंद्रावर तर नाव पूर्णच गळून पडतं. तिथे धान ‘सर्वसाधारण’ किंवा ‘अ दर्जा’ एवढंच असतं, दाण्याची लांबी-रुंदी बघून. 2024-25 च्या हंगामात क्विंटलला 2300 आणि 2320 रुपये, असा वीस रुपयांचा फरक होता. चार महिने ज्या नावासाठी चौकशी केली, त्याची किंमत त्या काट्यावर एवढीच.

दुसरा शब्द, संकरित. इथे नावाचं वचन उलटतं.

दोन वेगळ्या शुद्ध ओळींचा संकर केला की पहिल्या पिढीची झाडं दोघांहूनही जोमदार येऊ शकतात, हे मक्यात फार पूर्वी कळलं होतं. धानात अडचण अशी की फूल इवलंसं आणि स्वतःलाच फळणारं. लाखो फुलांतले पुंकेसर चिमट्यानं काढून बी तयार करणं व्यापारात शक्य नाही. तोड चीनमध्ये सापडली. युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना 1970 मध्ये हैनान बेटावर रानटी धानाचं असं एक झाड मिळालं, ज्याचे पराग मुळातच वांझ होते. वांझपणाचा हा गुण आईकडून, पेशीद्रव्यातून उतरतो. त्यावर तीन ओळींची पद्धत उभी राहिली आणि 1976 पासून चीनमध्ये संकरित धान मोठ्या क्षेत्रावर आलं. भारतातली पहिली संकरित धानं 1994 मध्ये प्रसारित झाली. महाराष्ट्रात कर्जतच्या केंद्रानं 1998 मध्ये ‘सह्याद्री’ दिलं. तेव्हापासून त्याच नावापुढे 2, 3, 4 असे आकडे लागत आले आहेत. ही सुधारलेली आवृत्ती नसते. प्रत्येक आकडा म्हणजे वेगळ्या आईबापांची वेगळी जोडी.

या तीन ओळी कळल्या की माहितीपत्रकावरची गूढ वाटणारी ओळही उलगडते. सह्याद्रीचं कुळ असं लिहितात: आयआर 58025ए × बीआर 827-35. फुलीच्या आधी आई, नंतर बाप. आईच्या नावाअखेर ‘ए’ म्हणजे ही ओळ नरवांझ आहे, बी धरायला तिला दुसऱ्याचा पराग लागतोच. हिला पुढच्या वर्षासाठी टिकवून ठेवणारी तिची जुळी बहीण ‘बी’ ओळ. तिचे पराग सुपीक असतात, बाकी सगळं तेच. आणि बाप म्हणजे ‘आर’ ओळ, जो मुलांत सुपीकता परत आणतो. बीजोत्पादनाच्या शेतात ‘ए’च्या ओळींमध्ये ‘आर’च्या ओळी लावतात आणि फुलोऱ्यात सकाळी दोर ओढून किंवा काठीनं हलवून पराग उडवतात. थैलीत भरतात ते फक्त ‘ए’च्या झाडांवरचं बी. 58025ए ही आई मंड्याच्या केआरएच-2 या संकरितातही आहे. आई एक, बाप वेगळा, नावं एकमेकांशी संबंध नसलेली.

या बियाण्याची थैली बहुधा तीन किलोची असते आणि सुधारित बियाण्याच्या पंचवीस किलोच्या थैलीपेक्षा किलोमागे कितीतरी महाग. एकरी बीही कमी लागतं. पण तिच्यातून उगवलेलं धान परत पेरलं तर? पहिल्या पिढीत सगळी झाडं एकसारखी असतात, कारण दोन्ही आईबाप शुद्ध. दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण विस्कटून वाटले जातात. कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी दहा दिवस आधी निसवणारं. त्यावर एक खास गोष्ट: वांझ पेशीद्रव्य आईकडून प्रत्येक झाडात येतंच, पण सुपीकता परत आणणारा जनुक प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. म्हणून काही झाडांच्या लोंब्या पोचट राहतात. तेव्हा ‘बियाणं विकायचं म्हणून कंपन्या पेरू नका म्हणतात’ हा गावातला तर्क अर्धाच खरा आहे. कंपनीचा फायदा त्यात आहेच, पण लोंबी पोचट राहण्याचं कारण जीवशास्त्रातलं आहे. सह्याद्री 4 हे नाव थैलीतल्या बियाण्याचं आहे. त्यातून मळून काढलेल्या धानाला ते लागू होत नाही. ते धान खायचं, विकायचं, पेरायचं नाही.

संकरित या शब्दाचा अर्थ सगळीकडे हाच असता तर प्रकरण इथे संपलं असतं. पण त्याच शब्दाचा पूर्ण वेगळा कारभार पाहायचा असेल तर ऑर्किडच्या कुंडीतली प्लास्टिकची पट्टी वाचावी.

ऑर्किड भंडाऱ्याला परकं नाही. भंडारा-गोंदियाच्या जंगलात जुन्या मोहावर, आंब्यावर रास्ना लागते. जाड पांढरट मुळ्या, खालून वर रचलेली चामड्यासारखी पानं, जाळीदार रेघांची तपकिरी-पिवळी फुलं. तिचं शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा. पण नागपूरच्या रोपवाटिकेतून आणलेलं ऑर्किड रानातलं नसतं, ते बहुधा अनेक पिढ्यांचा संकर असतं. त्याच्या पट्टीवर असं काही लिहिलेलं असतं: आरएलसी. अल्मा की ‘टिपमाली’. मराठी घरातलं पूर्ण नाव जसं नाव आणि आडनाव मिळून होतं, तसंच हे वाचायचं, फक्त क्रम उलटा. आरएलसी. म्हणजे रिंकोलेलिओकॅटलिया, हे आडनाव, प्रजाती कोणत्या मिसळल्या ते सांगणारं. ‘अल्मा की’ हे एका आईबापाच्या सगळ्या मुलांचं सामाईक नाव. आणि एकेरी अवतरणचिन्हांतलं ‘टिपमाली’ हे त्या भावंडांतल्या एका विशिष्ट झाडाचं.

गोंधळ होतो तो मधल्या नावाचा. धानाच्या संकरितात आईबाप शुद्ध म्हणून मुलं एकसारखी. ऑर्किडमध्ये आईबाप स्वतःच संकर असतात, त्यामुळे एका शेंगेतल्या हजारो बियांतून उगवणारं प्रत्येक रोप वेगळं. कुणाचं फूल मोठं, कुणाचा रंग फिका. तरी त्या सगळ्यांना एकच नाव. इतकंच नाही, तोच संकर तीस वर्षांनी दुसऱ्या देशात दुसऱ्यानं पुन्हा केला, किंवा आई आणि बाप यांची अदलाबदल केली, तरी नाव तेच लागतं. म्हणजे ऑर्किडच्या सामाईक नावाचं वचन फक्त कुळाचं आहे, फुलाच्या रूपाचं नाही. एकेरी अवतरणात नाव असेल तरच रूपाची खात्री, कारण ते झाड फांदीनं किंवा उतीसंवर्धनानं वाढवलेलं, मूळ झाडाची नक्कल असतं. ऑर्किडची अशी नक्कल प्रयोगशाळेत करण्याची वाट फ्रान्सचे जॉर्ज मोरेल यांनी 1960 मध्ये दाखवली आणि एकेकाळी श्रीमंतांपुरतं असलेलं झाड कुंडीत आलं. अवतरणाशिवायची पट्टी असेल, तर फूल फोटोतल्यासारखं येईल असं दुकानदारानं कितीही सांगितलं तरी ते तो सांगू शकत नाही. पुढे कधी एएम/एओएस अशी अक्षरं असतात. अमेरिकन ऑर्किड सोसायटीच्या परीक्षकांनी त्या झाडाच्या फुलाला 80 ते 89 गुण दिले, एवढाच त्यांचा अर्थ.

लग्नाच्या मांडवात जांभळी-पांढरी ऑर्किडची फुलं लावतात ती बहुतेक डेंड्रोबियम सोनियाची. सीझर आणि टोमी ड्रेक या दोन संकरांचं ते अपत्य. फुलवाल्यांच्या तोंडी असलेलं ‘सोनिया 17’ किंवा ‘सोनिया 28’ हे त्या कुळातले वेगवेगळे नकलेनं वाढवलेले वाण. इथे आकडा महत्त्वाचा आहे, कारण तो काढला तर उरतं फक्त कुळ.

या सगळ्यामागे एक वही आहे, आणि मला तिचं मोल फार वाटतं. माणसानं केलेला पहिला ऑर्किडचा संकर 1856 मध्ये इंग्लंडात फुलला. जॉन डॉमिनी यांच्या नावावरून तो कॅलँथे डॉमिनाय झाला. संकर वाढले तशी नावांची गर्दी झाली. 1895 पासून सँडर या रोपवाटिकेनं संकरांची यादी ठेवायला सुरुवात केली आणि 1961 पासून ती नोंदवही लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आहे. आज तिच्यात एक लाखाहून अधिक संकर आहेत. तुमच्या पट्टीवरचं सामाईक नाव नोंदलेलं असेल, तर आईबाप सापडतात, त्यांचे आईबाप सापडतात, आणि असं मागे जात थेट रानातल्या झाडापर्यंत पोचता येतं.

तरीही जुनी पट्टी आणि नवं पुस्तक जुळत नाही, याचं कारण आडनावं बदलतात. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. ॲग्नेस जोकिम यांच्या बागेत 1893 मध्ये नोंदलं गेलेलं ते वांडा मिस जोकिम. पुढे तिचे दोन्ही पूर्वज वांडातून काढून पॅपिलिओनांथे या प्रजातीत घातले गेले, आणि आता तेच फूल पॅपिलिओनांथे मिस जोकिम झालं. आडनाव बदललं, मिस जोकिम कायम राहिली. ॲस्कोसेंट्रम ही प्रजाती वांडात विलीन झाल्यावर ॲस्कोसेंडा नावाची हजारो झाडं नुसती वांडा झाली. आपल्या फुलबाजारात चालणारा मोकारा हा ॲरॅक्निस, ॲस्कोसेंट्रम आणि वांडा यांचा संकर. तीनातल्या दोन एकच ठरल्यावर तो नव्या हिशेबात अरांडा होतो. चार किंवा अधिक प्रजाती मिसळल्या की सगळी नावं जोडणं अशक्य होतं, म्हणून एखाद्या व्यक्तीच्या नावापुढे ‘आरा’ लावून आडनाव घडवतात. तीन प्रजातींच्या संकरालाही ही सोय आहे, मोकारा तसाच. तेव्हा दोन पट्ट्यांवर आडनावं वेगळी पण सामाईक नाव एकच दिसलं, तर ते झाड बहुधा एकच असतं. जुनी पट्टी फेकू नये.

आता परत धानाकडे, तिसऱ्या शब्दाकडे. संशोधित.

हा शब्द वाणाबद्दल नसून कायद्याबद्दल काही सांगतो. 1966 च्या बियाणे कायद्यानुसार सरकार काही वाणं अधिसूचित करतं. अधिसूचित वाणाचं बी प्रमाणित होऊ शकतं: प्रमाणीकरण यंत्रणेची माणसं शेत पाहतात, प्रयोगशाळा उगवण तपासते आणि थैलीला टॅग लागतो. पैदासकार बियाण्याचा टॅग सोनेरी पिवळा, पायाभूत बियाण्याचा पांढरा, प्रमाणित बियाण्याचा निळा. महाराष्ट्रात हे काम करणारी राज्य बियाणे प्रमाणीकरण यंत्रणा अकोल्याला आहे. धानाच्या निळ्या टॅगमागे किमान 80 टक्के उगवण आणि 98 टक्के भौतिक शुद्धता असावी लागते. अधिसूचित न झालेलं, कंपनीनं स्वतःच्या संशोधनातून काढलेलं वाण प्रमाणित होऊ शकत नाही. ते हिरव्या लेबलवर, सत्यप्रत म्हणून विकलं जातं. त्यावरची उगवण, शुद्धता, चाचणीची तारीख या सगळ्याची हमी कंपनी स्वतः देते. यालाच बाजारात संशोधित म्हणतात.

हिरवं लेबल म्हणजे खराब बी, असं काही जाणकारही सांगतात. ते बरोबर नाही. अनेक चांगली संकरित वाणं हिरव्या लेबलवरच विकली जातात, आणि प्रमाणीकरण न करता विकलेलं अधिसूचित वाणही त्याच लेबलखाली येतं. फरक एवढाच की निळ्या टॅगमागे तिसऱ्यानं पाहिलेलं शेत असतं आणि हिरव्यामागे विकणाऱ्याचा शब्द. मात्र संशोधित या शब्दाला चिकटलेली एक खरी अडचण आहे. या वाणांची सार्वजनिक ओळख कमी असते, त्यामुळे तेच किंवा जवळपास तेच बी दोन नावांनी, दोन किमतींना विकलं गेलं तर शेतकऱ्याला कळायला जागा नसते. धानासाठी ऑर्किडसारखी, कुणालाही उघडून पूर्वज शोधता येतील अशी वही असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 मध्ये झाला. त्याखाली नोंदवलेल्या वाणाचं नाव नुसत्या आकड्यांचं चालत नाही आणि दिशाभूल करणारंही चालत नाही. त्याच कायद्यानं शेतकऱ्यालाही आपलं वाण नोंदवायचा हक्क दिला आहे आणि घरचं बी राखण्याचा, बदलून घेण्याचा, ब्रँडचं नाव न लावता विकण्याचाही. खोब्रागड्यांना 1983 मध्ये यातलं काहीच उपलब्ध नव्हतं.

प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी, थैलीवरचं मोठं रंगीत नाव जरा बाजूला ठेवून मागची बारीक छपाई वाचावी. पीक आणि वाण, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, उगवण, वजन, उत्पादकाचा पत्ता. कंपन्या एकमेकींना विकत घेतात, मोठं नाव बदलतं, पण वाणाचा क्रमांक सहसा टिकतो. पीए 6444 म्हणून अधिसूचित झालेलं संकरित आज अराइज 6444 म्हणून फळीवर आहे. पीए म्हणजे मूळ प्रोॲग्रो कंपनी. अलीकडे काही थैल्यांवर ‘साथी’ पोर्टलचा क्यूआर कोड येतो, मोबाइलवर तो उघडला की बियाण्याचा प्रवास दिसतो. बी विषारी औषध लावलेलं असेल तर तसं लिहिलेलं असतं, आणि उरलेलं असं बी जात्यावर किंवा कोंबड्यांपुढे जाता कामा नये.

पऱ्हे टाकून झाल्यावर रिकामी थैली बहुतेक घरांत झाकण म्हणून वापरतात किंवा चुलीत जाते. तिच्यावरचं टॅग, लेबल, पक्कं बिल आणि मूठभर बी कागदी पाकिटात घालून धान कापेपर्यंत जपावं. निसवताना शेतात दोन उंचीची झाडं दिसली किंवा उगवणच झाली नाही, तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते, आणि तालुका पातळीवरची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. समितीचा पहिला प्रश्न लॉट क्रमांकाचा असतो. वाणाचं नाव तोंडी सांगता येतं, लॉट क्रमांक सांगता येत नाही.